विश्लेषण : ‘आदित्य’मागे ३६ वर्षांचा अनुभव, प्रोजेक्ट डायरेक्टरचे काम नेमके काय?

‘आदित्य-एल१’ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. या मोहिमेच्या प्रोजेक्ट डायरेक्टर निगार शाजी यांचे फोटो त्या काळात मोबाइलवर खूप फिरले. त्यांच्या पदाचे काम काय असते, हे मात्र फार कुणी सांगितले नाही.

कोण आहेत निगार शाजी?

तामिळनाडूतील सेंगोट्टाई हे त्यांचे गाव. तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनची पदवी, त्यानंतर रांचीच्या बीआयटी मेसरामधून पदव्युत्तर शिक्षण. १९८७ मध्ये त्या इस्रोत रुजू झाल्या. सुरुवात श्रीहरिकोटाला, नंतर बेंगळुरूच्या उपग्रह केंद्रात. २०१६ मध्ये झेपावलेल्या ‘रिसोर्ससॅट-२ए’च्या त्या असोसिएट प्रोजेक्ट डायरेक्टर होत्या. २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य’ झेपावले, तेव्हा त्यांच्या नोकरीला ३६ वर्षे झाली होती.

काम काय असते?

‘आदित्य’ची मूळ कल्पना लहान होती : पृथ्वीपासून ८०० किलोमीटरवरील कक्षा आणि सूर्याचा प्रभामंडल पाहणारे एकच उपकरण. पुढे मोहीम एल१पर्यंत नेण्याचे ठरले आणि उपकरणे सात झाली. त्यातले प्रभामंडलाचे उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे, तर अतिनील किरणांत सूर्य टिपणारी ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ची.

प्रत्येक गटाला आपले उपकरण जास्तीत जास्त चांगले हवे असते. पण यान एकच असते. वजन, वीज आणि पृथ्वीवर डेटा पाठवण्याची क्षमता सगळ्यांत वाटून घ्यावी लागते. एकाने दोन किलो जास्त घेतले, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जातात. कुणाला किती द्यायचे, कोणती चाचणी पुन्हा घ्यायची, झालेला उशीर कुठे भरून काढायचा, हे प्रोजेक्ट डायरेक्टरला ठरवावे लागते.

मग हे मॅनेजमेंट की इंजिनीअरिंग?

‘मॅनेजमेंटला गेलात म्हणजे इंजिनीअरिंग सुटले,’ असे कॉलेजांत सर्रास बोलले जाते. अवकाश मोहिमेत ते खरे नाही. समोरचा ‘हे जमणार नाही’ म्हणतो, तेव्हा ते खरोखर अशक्य आहे की फक्त अवघड, हे इंजिनीअरलाच ओळखता येते. ती पारख वर्षानुवर्षे चाचण्या आणि बिघाड हाताळूनच येते.

महत्त्वाचा मुद्दा कोणता?

इस्रोत उपग्रहाच्या पहिल्या महिला प्रोजेक्ट डायरेक्टर टी. के. अनुराधा १९८२ मध्ये रुजू झाल्या. त्यांचा ‘जीसॅट-१२’ झेपावला २०११ मध्ये. ‘चांद्रयान-२’ची धुरा एम. वनिता यांच्याकडे होती. मात्र १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इस्रोच्या अध्यक्षपदी अद्याप एकही महिला बसलेली नाही.

या पदापर्यंतची वाट तीन दशकांची असेल, तर प्रक्षेपणाच्या दिवशीचे फोटो मोजून काही कळत नाही. आज वीजपुरवठा, नियंत्रण, संदेशवहन अशा एकेका उपप्रणालीची जबाबदारी किती तरुण इंजिनीअर मुलींकडे आहे आणि मूल झाल्यानंतरही ती त्यांच्याकडेच राहते का, हे विचारायला हवे. २०५०च्या आसपासच्या मोहिमा कोण चालवणार, हे त्यावरच ठरेल.