रोकडगाडीतील बंदूक

आपण दिल्लीत राहत असा, इंदुरात किंवा हैदराबादेत, एक दृश्य आपल्या परिचयाचे असणार. दुपारच्या सुमारास एटीएमसमोर जाळीच्या खिडक्यांची एक गाडी येऊन उभी राहते. दोघे जण पेट्या उतरवितात आणि पन्नाशीला आलेला, ढगळ गणवेशातील एक मनुष्य खांद्याला दुनळी लावून दाराशी उभा राहतो. आपण त्याला वळसा घालून पुढे जातो. त्याची बंदूक उडते की नाही, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. पडण्याचे कारणही नाही. माझी तक्रार निराळी आहे. ज्यांना तो प्रश्न पडणे हे त्यांच्या वेतनाचाच भाग आहे, त्यांनाही तो पडत नाही.

काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या कामानिमित्त उत्तरेकडील एका जिल्ह्यात मी काही आठवडे होतो. निवडणूक काळात रोख रकमेच्या वाहतुकीवर लक्ष ठेवावे लागते. नाक्यावर एक रोकडगाडी थांबविण्यात आली. बँकेचे पत्र, रकमेचा तपशील, कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे, रक्षकाचा परवाना, सारे यथास्थित होते. सहज म्हणून मी रक्षकास बंदूक उघडून दाखविण्यास सांगितले. ती उघडेना. गुडघ्यावर दोनदा आपटल्यावर उघडली, तेव्हा एका नळीत कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर दिसले. पट्ट्यातील काडतुसे जुन्या पुठ्ठ्याची होती आणि ओल लागून इतकी फुगली होती की ती नळीत शिरत नव्हती. "शेवटची कधी उडविली?" असे विचारता तो वयस्क गृहस्थ कसनुसे हसून म्हणाला, "साहब, चला दूँगा तो नया कौन देगा?"

गाडीच्या नोंदवहीत त्या दिवसाच्या रकान्यात "शस्त्र : सुस्थितीत" असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते.

आता नियमांकडे वळू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये रोकड हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी मानके ठरवून दिली. प्रत्येक गाडीत चालकाखेरीज रोकड सांभाळणारे दोघे आणि बंदूकधारी दोघे असावेत, आणि बंदुका चालू स्थितीत, वैध परवान्यासह असाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गृह मंत्रालयाने २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था अधिनियमाखाली नियम काढले. एका गाडीत पाच कोटींहून अधिक रक्कम नको, शहरी भागात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात सायंकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरणे नको, असे त्यांत स्पष्ट आहे. नियम वाईट नाहीत. ज्यांनी ते लिहिले त्यांनी विचार केलेला दिसतो. दोष आहे तो बंदुकीच्या मालकीत.

आपल्याकडे कित्येक ठिकाणी ती बंदूक बँकेची नसते, कंपनीचीही नसते; ती त्या रक्षकाची असते. गावाकडे शेतीच्या रक्षणासाठी किंवा वडिलांकडून आलेला परवाना आणि त्यावरील दुनळी घेऊन तो शहरात येतो आणि नोकरी मिळते ती त्या परवान्याला. मनुष्य केवळ परवान्याचा वाहक म्हणून सोबत येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गूढ काही नाही. भांडवल मजुराचे, झीज मजुराची, काडतुसांचा खर्च मजुराचा, आणि संरक्षण दुसऱ्याच्या संपत्तीचे. अशा व्यवस्थेत बंदूक स्वच्छ ठेवणे व वर्षातून काही काडतुसे सरावासाठी उडविणे हा त्या मनुष्याच्या दृष्टीने निव्वळ तोटा आहे. तो तोटा तो करीत नाही, यात त्याचा आळस नसून शहाणपण आहे. मूर्ख ठरतो तो त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणारा.

यावर एक ठरलेले उत्तर येते, आणि ते मी जबाबदार अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे: "बंदूक दाखविण्यापुरती असते हो. दिसली म्हणजे झाले." शेतातल्या बुजगावण्याचा हा सिद्धांत होय. पण बुजगावण्याला पाखरे किती दिवस भितात, हे कोणताही शेतकरी सांगेल. दरोडेखोर आठवडाभर गाडीवर पाळत ठेवतो. रक्षक डुलक्या घेतो, बंदूक आसनाखाली असते, हे त्याला आपल्या तपासनीसांहून चांगले ठाऊक असते. भीती घालण्याचे सामर्थ्य बंदुकीच्या दिसण्यात नसते, ती चालेल या खात्रीत असते. आणि ती खात्री नाहीशी झाली की रक्षक हा सर्वांत आधी मारावयाचा मनुष्य ठरतो, कारण त्याच्या हातात शस्त्र तर आहे. बुजगावण्याचा सिद्धांत मांडणारे त्याला गणवेश घालून लक्ष्य बनवितात, एवढेच.

मग गाडीत कोणती बंदूक असावी? माझे मत स्पष्ट आहे: बारा बोअरची पंप बंदूक, संस्थेच्या मालकीची. कारणे सांगतो. दुनळीत दोनच काडतुसे, नळ्या बहुधा अठ्ठावीस ते तीस इंचांच्या. एवढे लांब शस्त्र गाडीच्या आत फिरविताही येत नाही. स्वयंभरणी बंदूक काडतुसाच्याच जोरावर पुढचे काडतूस भरते. काडतूस कमजोर निघाले की ती अडते. पंप बंदुकीत हे काम रक्षकाचा डावा हात करतो. पुढची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामे टरफल बाहेर आणि नवे काडतूस आत. काडतूस फुसके निघाले तरी मूठ ओढली की ते बाहेर पडते. अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांतून अनेक दशके हेच शस्त्र राहिले: १९५० साली आलेली रेमिंग्टन ८७० आणि त्यानंतर दशकभराने आलेली मॉसबर्ग ५००. एकीची पेटी पोलादाची, दुसरीची हलक्या मिश्रधातूची. दोन्ही साध्या आणि दोन्ही टिकाऊ. आपल्याकडे सामान्य परवानाधारकास परदेशी बंदुकीची आयात १९८० च्या दशकापासून बंदच आहे. पण बारा बोअरची पंप बंदूक आपल्या सरकारी आयुधनिर्माण्यांनीही बनविली आहे, आणि काडतुसे तर आपल्या खडकीच्या कारखान्याची देशभर चालत आली आहेत.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. खरेदीची टिपणे लिहिणारे हल्ली आंतरजालावरून परदेशी माहितीपत्रके उतरवून घेतात. अमेरिकेत नळीची किमान लांबी अठरा इंच आहे, म्हणून तेथील बंदुका साडेअठरा इंचांच्या मिळतात. आपल्या शस्त्र नियमांत वीस इंचांहून आखूड नळीची बंदूक वेगळ्या, प्रतिबंधित वर्गात जाते. म्हणजे परदेशी विनिर्देश जसेच्या तसे फायलीत आले, तर बँक अजाणता बेकायदा शस्त्राची निविदा काढील. वीस इंच लिहावे. गाडीच्या आत तेवढी चालते.

पंप बंदुकीचेही दोष आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. घाबरलेला मनुष्य मूठ अर्धवट ओढतो आणि बंदूक अडते. यावर सरावाखेरीज औषध नाही. दुसरे, तिची सुरक्षा-कळ बहुधा केवळ घोडा अडविते, आतला हातोडा ताणलेलाच राहतो. म्हणून गाडीत ती नळी रिकामी, काडतुसे खालच्या नळकांड्यात, आणि कुलूपबंद खाचेत, अशीच असावी. बाजारपेठेत छर्‍यांनी तिऱ्हाइताला इजा होण्याची भीतीही खरी आहे. पण हा आक्षेप अप्रशिक्षित रक्षकाला लागू पडतो, आणि तो तर आज दुनळी घेऊन त्याच बाजारात उभा आहे.

खर्चाचे म्हणाल तर हिशेब करू. बंदुकीची किंमत हिशेबापुरती एक लाख धरा आणि आयुष्य वीस वर्षे. वर्षाला पाच हजार. गाडी वर्षातून तीनशे दिवस फिरली, तर दिवसाला सतरा रुपयांहून कमी. दोन बंदुका धरल्या तरी पस्तीसच्या आत. त्या गाडीत पाच कोटींपर्यंत रक्कम असू शकते. किमान दराची निविदा हेच काटकसरीचे परमदैवत मानणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे एकदा शांतपणे पाहावे. न उडणारी बंदूक फुकट मिळाली तरी महागच पडते.

करावयाचे थोडेच आहे. संस्थेच्या नावे परवाना घेऊन तिच्या नोकरांची त्यावर शस्त्र बाळगणारे म्हणून नोंद करण्याची पद्धत आपल्या शस्त्र कायद्याला अपरिचित नाही. बँका तिचा वापर आपल्या शाखांसाठी करीत आल्या आहेत. तीच पद्धत गाड्यांना लावावी. एकाच जातीची बंदूक असावी, म्हणजे सुटे भाग व शिकवणूक एकच राहील. सरावाची काडतुसे कंत्राटाच्या किमतीत वेगळ्या ओळीने दाखवावीत आणि त्यांची रिकामी टरफले मोजून घ्यावीत. "सुस्थितीत" या शब्दापेक्षा पितळ अधिक खरे बोलते. आणि ज्यांची नोकरी परवान्यावर चालते अशा जुन्या रक्षकांना दुनळी घरी ठेवून कामावर येऊ द्यावे. व्यवस्था बदलताना त्यांची भाकरी काढून घेण्याचे कारण नाही.

त्या नाक्यावर मी नोंदवहीत शेरा लिहिला, कंपनीला पत्र गेले, आणि दोन महिन्यांनी उत्तर आले की संबंधित रक्षकास कामावरून कमी करण्यात आले आहे. गाडीचे, बंदुकीचे, काडतुसांचे त्यात अवाक्षर नव्हते. माझ्या शेऱ्याचा एवढाच परिणाम झाला, आणि तो ज्याच्यावर झाला त्याचा अपराध सर्वांत कमी होता. म्हणून हा लेख.