पेटीच्या वहिवाटीने आलेला पियानो

गृहव्यवहार : तळमजलावासी

ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकाच्या आसपास किंवा डोंबिवलीच्या रामनगरात, ज्या मध्यमवर्गीय घरांतून दोन पिढ्यांपूर्वी कपाटाच्या माथ्यावर पेटी आणि तिच्या शेजारी खोळीत घातलेला तबला-डग्गा हटकून दिसे, त्याच घरांतून आता नातवंडांच्या हौसेखातर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो नांदू लागला आहे. आणि नव्या सुनेला जुन्या सासूचे शिरस्ते लावावेत त्याप्रमाणे या नव्या वाद्यालाही पेटीचेच सर्व शिरस्ते बिनतक्रार लागू केले जात आहेत. त्याला दिवाणावर आडवे ठेवतात, मूल त्याच्यासमोर मांडी घालून बसते, वादन आटोपले की वर जाडजूड चादर पडते, आणि वार्षिक परीक्षा जवळ आली की वाद्याची रवानगी माळ्यावर होते. पेटीने हे सारे निमूटपणे सोसले. पियानो ते सोसत नाही, आणि काही प्रसंगी तर वाजवणाऱ्यालाही सोसू देत नाही.

यात कुटुंबांचा फारसा दोष नाही, कारण पट्टीच्या वाद्याशी आपला परिचयच मुळी पेटीच्या मार्फत झाला. पॅरिसात एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या आणि पायाने भाता चालवण्याच्या हार्मोनियमला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याचे बैठे रूप दिले, तेव्हापासून हे वाद्य सतरंजीवरचे झाले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याला आपल्या केंद्रांतून मनाई केली आणि ती मनाई १९७१ पर्यंत टिकली. तरी १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थांतून आणि गल्लोगल्लीच्या भजनी मंडळांतून पेटीचा अंमल यत्किंचितही ढळला नाही. इतक्या दीर्घ सहवासाने जे संस्कार आपल्या हाडीमाशी खिळले, त्यांत एक गृहीत असे होते की, वाद्याला लागणारी शक्ती वाजवणाराच पुरवतो. पेटी वादकाच्या डाव्या हाताच्या वाऱ्यावर जगते. पियानो मात्र महावितरणच्या तारेवर जगतो, आणि सारा फरक येथून सुरू होतो.

तरीही हे वाद्य आपल्या घरांना अनुरूप आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा पियानो मुंबईतील पारशी बंगल्यांत आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत शोभला. परंतु दोनशे किलोंच्या आगेमागे वजन, दोनशेहून अधिक तारा, त्या सर्वांचा मिळून कित्येक टनांचा ताण, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत दर पावसाळ्यात फुगणारे लाकूड व उतरणारे सूर, हा संसार डोंबिवलीच्या लिफ्टविरहित तिमजली इमारतीत कोणी मांडावा? डिजिटल पियानोचे सुटे यंत्र अकरा-बारा किलोंचे असते, त्याचे सूर ऋतुमानाने ढळत नाहीत, आणि पट्टीखालचा लहानसा हातोडा बोटाला खऱ्या पियानोच्या वजनाचा बऱ्यापैकी प्रत्यय देतो.

त्याची लांबी मात्र सव्वाचार फुटांहून अधिक असते, आणि एका खोलीच्या घरात एवढी अखंड भिंत मोकळी सापडणे हाच पहिला कठीण प्रश्न होय. दिवाणावर ठेवलेला पियानो प्रत्येक आघाताबरोबर गादीत हेलकावे खातो. शिवाय समोर मांडी घालून बसलेल्या मुलाचे खांदे वर चढतात आणि मनगटे खाली लोंबतात. पट्ट्यांचा माथा जमिनीपासून सुमारे ७२ ते ७५ सेंटिमीटरांवर यावा, बसणाऱ्याची कोपरे साधारणतः त्याच पातळीत असावीत, आणि बैठक पाठ व हात नसलेली असावी, एवढे पथ्य पुरे आहे. मुलांचे पाय जमिनीला टेकत नसतील तर पायांखाली जेवणाचा जुना पाट द्यावा. यासाठी बाजारात मिळणारे महागडे पायठाण घेण्याचे काहीही प्रयोजन मला दिसलेले नाही. कात्रीसारखी उघडणारी घडवंची स्वस्त पडते, परंतु तिची खीळ पुरती बसली की नाही हे दर वेळी पाहावे लागते, आणि ज्या घरात रांगते मूल आहे तेथे ती आणूच नये. लाकडी, पायांना स्क्रू असलेली पक्की चौकट हीच खरी सुरक्षित.

आता विजेकडे वळतो, कारण या प्रकरणातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. पियानो स्वतः फार थोडी वीज खातो. साध्या यंत्राचा वापर दहा वॅटांच्या आसपास असतो, आणि घरातील इन्व्हर्टरला त्याचा भार जाणवतही नाही. धोका वाद्याच्या भुकेत नसून भिंतीतील सॉकेटात आहे. साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या अनेक इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट दिसते खरे, पण त्यातील वरच्या मोठ्या छिद्राच्या मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. पियानोच्या दोन पिनांच्या ॲडाप्टरला या तारेची गरज नाही, हे मान्य. परंतु पुढे हौस वाढते, वाद्याला बाहेरचा स्पीकर जोडला जातो, यूएसबीच्या तारेने संगणक जोडला जातो, आणि मग एखाद्या दिवशी जोडणीच्या धातूला बोट लागताच मुलगी ‘झिणझिण्या येतात’ म्हणून सांगू लागते. अर्थिंग नसलेल्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून पाझरणारा तो सूक्ष्म प्रवाह बहुधा जिवावर बेतत नाही. पण घरात अर्थिंग नाही, याची ती लेखी नोटीस समजावी, कारण त्याच घरातील गिझर आणि कपडे धुण्याचे यंत्र यांच्याबाबतीत तीच उणीव प्राणघातक ठरते. अशा वेळी तिसरी पिन कापून टाकणारा कारागीर भेटला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवावे. मीटरजवळ, गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही आणि त्याचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो खरोखर पडतो की नाही, हे पाहणे गृहस्थाचे कर्तव्य आहे.

दुसरी गोष्ट स्पाइक गार्डची. त्याच्यावर लोकांची श्रद्धा फार, आणि क्षणिक उसळीपुरती ती यथार्थही आहे. परंतु जुन्या इमारतीच्या मीटरखोलीत जेव्हा समाईक न्यूट्रल सैल होतो किंवा तुटतो, तेव्हा घरातील २३० व्होल्टांच्या जागी कोठे कमी तर कोठे ४०० च्या जवळ जाणारा दाब बराच काळ टिकून राहतो, आणि त्यापुढे स्पाइक गार्डचा इलाज चालत नाही. दिवे एकाएकी प्रखर होऊ लागले किंवा पंख्याचा वेग वाढला, तर कारणमीमांसा करीत न बसता मुख्य खटका पाडावा. दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण मिळते. ज्यांच्या इमारतीत न्यूट्रल गेल्याचा पूर्वेतिहास आहे त्यांनी ते बसवून घ्यावे. मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद करून समाधान मानू नये, कारण बटणाने बहुधा एकच तार तुटते. प्लग उपसून ठेवावा. वाद्य काही वेळ न वाजल्यास आपोआप बंद होते खरे, पण तेवढ्याने ॲडाप्टर विजेपासून अलग होत नाही. स्पीकर जोडलेला असेल तर आधी वाद्य आणि मागून स्पीकर चालू करावा, बंद करताना क्रम उलटा ठेवावा. अन्यथा धाडकन उठणारा ध्वनी स्पीकरच्या पडद्याला आणि आजोबांच्या काळजाला सारखाच जाचतो.

आपल्या शहरांना आणखी एक खास संकट आहे, ते म्हणजे अमेरिकेतील चिरंजीव. सुटीवर येताना ते प्रेमाने पियानो घेऊन येतात, आणि त्याच्यासोबतचा ॲडाप्टर कित्येकदा केवळ तेथील १२० व्होल्टांसाठी घडवलेला असतो. प्लगला येथील सॉकेटात बसते करणारा दहा-वीस रुपयांचा जोड मिळतो, पण तो जोड केवळ आकार बदलतो, दाब बदलत नाही. परिणामी पहिल्याच क्षणी ॲडाप्टर जळतो. म्हणून ॲडाप्टरवरील बारीक अक्षर भिंग घेऊन वाचावे. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर निर्धास्त राहावे; नसेल तर येथील दाबाचा दुसरा ॲडाप्टर घ्यावा. तो घेतानाही व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर मूळच्याइतके किंवा अधिक असावेत, आणि टोकाच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे चिन्ह जुळले पाहिजे. कॅसिओच्या काही जुन्या वाद्यांत मध्यभाग ऋण असतो, यामाहाच्या ॲडाप्टरांत तो धन असतो, आणि टोक बसले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्याचे वाद्य त्यामुळेच निकामी होते. स्टेशनबाहेरच्या पथारीवरचा ॲडाप्टर कितीही स्वस्त असला तरी, भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हासह ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक त्यावर नसल्यास, तो घरात आणू नये.

हवेची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. प्रत्येक पट्टीखाली रबरी संवेदक असतात. पट्टी किती वेगाने खाली आली हे ते मोजतात आणि त्यावरून सुराचा जोर ठरतो. धूळ आणि दमटपणा त्यांत शिरला की एखादा सूर मुका होतो, किंवा मध्येच ओरडतो. जून ते सप्टेंबर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. सुती, विरळ वस्त्र घालावे. देवघराच्या शेजारी वाद्य ठेवल्यास उदबत्तीची काजळी बसते, आणि वस्त्राखाली डांबराच्या गोळ्या टाकण्याची जी जुनी पद्धत आहे ती येथे वर्ज्य समजावी, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. झुरळांचा बंदोबस्त घरभर करावा. उबदार यंत्र त्यांना विशेष प्रिय. माळा तर सर्वथा निषिद्ध: वैशाखात स्लॅब तापतो, आषाढात गळतो, आणि बारा किलोंचे लांबलचक धूड स्टुलावर उभे राहून चढवणाऱ्याची कंबर कायमची जायबंदी होण्याचा संभव असतो. तळमजल्यावर राहणाऱ्या आम्हा मंडळींना २६ जुलै २००५ चा महापूर विसरता येत नाही. म्हणून ॲडाप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर न ठेवता भिंतीला हातभर उंचीवर ठोकून घ्यावेत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगत, जेथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाला, तेथील रहिवाशांना वायूंविषयी मी अधिक काय सांगावे? गंधकयुक्त वायूंनी तांबे आणि चांदी काळवंडतात, आणि वाद्याच्या जोडण्यांत हेच धातू असतात. खिडकीसमोरची जागा तेथे तरी टाळावी.

राहता राहिला शेजार. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यानेच घातली आहे, आणि आमच्याकडे साडेआठच्या लोकलने उतरलेल्या माणसाला रियाझाला वेळ सापडतो तो नेमका त्याच सुमारास; म्हणून हेडफोन अपरिहार्य. पण हेडफोन लावल्याने शेजारी सुखी झाला, हा भ्रम आहे. सूर बंद झाले तरी पट्ट्यांचे ठोके चौकटीच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या घरात उतरतात, आणि खालच्या गृहस्थाला वरून कोणी सुपारी कुटत असल्याचा भास होतो. पायांखाली जाड रबरी पत्रा आणि त्यावर दुहेरी सतरंजी घातल्यास बरीच शांतता लाभते. कानांचाही विचार करावा: जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत, तर मुलासाठी तेवढेच तास ७५ डेसिबलपर्यंत ध्वनी सुरक्षित मानला आहे. आवाजाची खुंटी आधी शून्याजवळ आणावी, मग हेडफोन कानाला लावावा, आणि मुलांच्या बाबतीत मर्यादेची खूण खडूने करून ठेवावी.

गाणाऱ्या घरांसाठी एक पोटकलम. काळी चारमध्ये गाणाऱ्या आत्यांसाठी स्वर सरकवण्याचे बटण दाबले जाते, आत्या घरी जातात, बटण तसेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी शिकणारे मूल पांढरी एक वाजवून भलताच सूर कानात साठवते. मैफल बरखास्त होताच ते पूर्ववत करावे.

वाचकांना एवढीच विनंती की, दुकानात बयाणा देण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला घरी बोलवावे, ज्या भिंतीशी वाद्य ठेवायचे तेथील सॉकेटाचे अर्थिंग त्याच्याकडून यंत्राने मोजून घ्यावे, आणि त्याचा निर्वाळा मिळाल्यावरच पियानो घरात आणावा.

— तळमजलावासी