मासा नव्हे, भाजीही नव्हे



पावसाळ्यात कोकणच्या बाजारात रानातली अळंबी येते. पाऊस सरला की त्याच किनाऱ्यावर पर्यटक डॉल्फिन पाहायला होड्यांत बसतात. एक रानातली, दुसरा समुद्रातला. पण दोघांबाबत आपली चूक सारखीच. डॉल्फिनला आपण मासा म्हणतो आणि अळंबीला भाजी.

किनाऱ्यालगत दिसणारा कुबडा डॉल्फिन श्वास घ्यायला पाण्यावर येतो, पिलाला दूध पाजतो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि पुढचे होईपर्यंत साधारण तीन वर्षे जातात. अळंबी ही बुरशी. ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची. कोळंबीच्या कवचातले कायटिन तिच्यातही असते.

दोघांचेही आपल्याला दिसते ते थोडेच. डॉल्फिनची पाठ क्षणभर, वारुळावरच्या अळंबीची छत्री चार दिवस. खरी बुरशी वारुळाच्या पोटात असते. वाळवी लाकूड, पालापाचोळा आणून तिला पोसते. ती ते कुजवून वाळवीला खाण्याजोगे करते. 

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी 'कमआ' ही 'मन्न'पैकी असल्याचे सांगितले आहे. वाळवंटात जमिनीखाली वाढणारी ती बुरशीच. सूरह अनआमच्या 38व्या आयतीत अल्लाहने प्राणी-पक्ष्यांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. म्हणजे अळंबी ही देणगी, डॉल्फिन हा शेजारी. देणगीत इस्राफ नको आणि शेजाऱ्याला त्रास नको.

म्हणून सहलीला गेलात तर डॉल्फिनमागे होडी पळवू नका, असे नावाड्याला आधीच सांगा. धावपळीत पिल्लू आईपासून तुटू शकते. जादा पैसे देऊन 'अजून जवळ' म्हणणारे आपणच असतो. रानात अळंबी मिळाली तर वारूळ खणू नका, सगळी खुडू नका. ओळख पक्की नसेल तर ती घरी आणूच नका. काही विषारी अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही.

मुलांना पाठ आणि छत्री जरूर दाखवा. पाण्याखाली आणि मातीखाली काय चालले आहे, तेही सांगा. जे दिसत नाही त्याचीही अमानत अल्लाहने आपल्याकडेच सोपवली आहे.