मोजणी कोणाच्या हातची?

शेतकऱ्याच्या घरांत सोन्याचा मणी नसला तरी चालेल, पण शेताच्या कोपऱ्यांवरचे दगड जागच्या जागीं पाहिजेत. दगड हलला कीं बांध हलतो, बांध हलला कीं भाऊबंदकी पेटते, आणि मग पिकाचा पैसा घरांत न येतां कोर्टाच्या वाटेनें जातो. हें टळावें म्हणून सरकारी मोजणी आहे. परंतु सर्वच मोजणीदारांचें काम सारख्या तोलाचें नसतें, ही गोष्ट आमच्या शेतकरी व बलुतेदार बंधूंनीं पुरती ध्यानांत घ्यावी.

हा रोग आजचा नाहीं. १८३० च्या आसपास प्रिंगल साहेबांनीं पुणें प्रांतांत जमिनीची पाहणी करून सारा ठरविला. त्यांचा हिशेब कागदावर मोठा बारीक होता. पण शेतांत साखळी ओढणारे व जमिनीची प्रत ठरविणारे हाताखालचे लोक कच्चे व लाचखाऊ निघाले. सारा डोईजड झाला व पुष्कळ कुळें जमिनी टाकून परागंदा झालीं. १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं तें काम नव्यानें हातीं घेतलें, तेव्हां हाताखालच्यांचें काम वरिष्ठांनीं स्वतः शेतांत जाऊन ताडून पाहण्याची शिस्त त्यांनीं लावली. तात्पर्य, साहेब हुशार असून भागत नाहीं. बांधावर उभा राहणारा माणूस खरा पाहिजे.

आतां हिशेब पाहा. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. २० साखळ्या लांबीचा बांध नुसता २ फूट सरकला, तर १३२० चौरस फूट, म्हणजे एका गुंठ्याहून अधिक जमीन गेली. आणि २ फूट म्हणजे साखळीचा पुरा एक आणासुद्धां नव्हे!

कोणी म्हणेल, आतां साखळी गेली, उपग्रहावर चालणारीं यंत्रें आलीं. आतां चूक कोठून होणार? बंधूंनो, यंत्र उभ्या जागेचा ठाव अचूक सांगतें, पण तुमची हद्द कोठली हें त्यास ठाऊक नसतें. ती हद्द जुन्या टिपणांत व फाळणी नकाशांत आहे. चांगला मोजणीदार तीं कागदपत्रें बरोबर आणतो, शेजारच्या नंबरांचे जुने दगड हुडकतो, दोन-तीन पक्क्या खुणा एकमेकींशीं जुळवितो व मगच हद्द दाखवितो. वाईट मोजणीदार अर्जदार बोट दाखवील तोच बांध हद्द म्हणून धरतो आणि उन्हें चढण्याआधीं काम उरकतो. यंत्र दोघांचें एकच. न्याय मात्र निराळा. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याप्रमाणें जेथें सर्व्हे नंबर मोडून गट पडले, तेथें कांहीं गांवीं सातबारा एक सांगतो, नकाशा दुसरें व वहिवाट तिसरेंच. अशा ठिकाणीं तर घाईचें काम म्हणजे कुंपणानेंच शेत खाणें होय.

१८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना जोतीरावांनीं दाखविलें, कीं शेतकऱ्याची अविद्या हीच त्यास नाडणाऱ्या कामगाराची खरी मिळकत आहे. त्या काळीं कचेरींत आमचें कोणी नव्हतें. आज कुणब्या-माळ्यांचीं, सुतार-लोहारांचीं मुलें मोजणीदार झालीं आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. म्हणूनच त्यांस स्पष्ट सांगतों: तुमच्या बापानें एका वितीसाठीं जन्मभर रक्त आटविलें असेल, दुसऱ्याच्या बापाची वीत विकूं नका. उन्हातान्हांत राबून चोख काम करणारे मोजणीदारही आहेत, व त्यांचे उपकार गांव विसरत नाहीं.

सरकारास आमचें मागणें एवढेंच, कीं प्रत्येक मोजणीदाराच्या कामापैकीं कांहीं शेतें दुसऱ्या जाणत्या अधिकाऱ्यानें अवचित मोजून पाहावीं, फरक निघेल तो उघड करावा, चोख काम करणाऱ्यास बढती द्यावी व चुकणाऱ्यास पुन्हां शिकवावें.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही निजूं नका. नोटीस आली कीं वाचवून घ्या. मोजणीच्या दिवशीं शेजाऱ्यासह हजर राहा. काम कोणत्या दगडापासून धरलें, टिपण कोठें आहे, हें विचारा. न वाचलेल्या जबाबावर सही-अंगठा करूं नका. हरकत असेल तर लेखी द्या. नकाशाची ‘क’ प्रत घेऊन जपून ठेवा. काम चुकलें असें वाटल्यास कुऱ्हाड न उचलतां निमताना मोजणी मागा. गावठाणांत घर असलेल्या कारागिरांनींही जागें राहावें. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें घरांच्या जागा मोजल्या जातात, तेथेंही आपली भिंत व आपलें अंगण आपणच ओळखून दाखविलें पाहिजे.

ज्यास आपल्या शेताचा नकाशा वाचतां येतो, त्याचा बांध सहसा कोणी सरकवीत नाहीं. मुलांस पाढ्यांबरोबर साखळी-आण्यांचा हिशेबही शिकवा, आणि मुलींसही. सातबाऱ्यावर नांव त्यांचेंही लागतें.