वारसा आणि बिदागी

चैत्र उजाडला की भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांची लगबग सुरू होते. पालखीचा मार्ग ठरतो, वर्गणी जमते आणि तमाशाच्या सुपारीचा विषय निघतो. अशा सुपाऱ्यांचे मोठे केंद्र याच जिल्ह्यातील नारायणगाव होय. हंगामात तेथे फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात व गावकऱ्यांशी सौदे ठरतात.

नारायणगावचे नाव एका कुटुंबाने महाराष्ट्रभर नेले. भाऊ-बापू या बंधूंचा फड गाजला. भाऊंच्या कन्या विठाबाई यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. पुढे त्यांच्या कन्या मंगला बनसोडे व नातू नितीनकुमार यांनी ही परंपरा चालविली.

पिढीजात पेढी सांभाळणाऱ्यांना वारशाचे मोल सांगावे लागत नाही. मात्र पेढीबरोबर भांडवल येते. फडाबरोबर पुष्कळदा कर्जच येते. कलावंतांची उचल, वाहने, तंबू यांचा खर्च हंगामापूर्वीच करावा लागतो. मग एखादी यात्रा रद्द झाली तरी सारी घडी विस्कटते. खुद्द विठाबाईंचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले. २००२ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला.

मरणोत्तर गौरव उचितच. परंतु कलावंताची चूल त्यावर पेटत नाही. यात्रेच्या वर्गणीत ज्यांचा वाटा असतो, त्यांनी एवढे अवश्य पाहावे: ठरलेली बिदागी पूर्ण व वेळेवर दिली जावी आणि कलावंतांना मुक्कामी पाणी, निवारा व आदर मिळावा. पुढची पिढी फडात राहील की नाही, हे त्यावरच ठरेल.