आधी माणूस, मग मुके जनावर?

“इथे माणसांना खायला मिळत नाही आणि यांना कुत्र्यामांजरांचा पुळका!” मुक्या जिवाला भाकरी घालणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागतेच. भिलाईजवळच्या कुम्हारीसारख्या हमरस्त्यावरच्या गावात धडक बसलेल्या वासरापाशी कुणी थांबला, तरी शेजारचा हेच म्हणेल.

आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण जरा हेमलकशाकडे पाहा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडजवळच्या या जंगलात बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडिया गोंडांवर उपचार करू लागले. १९७६ मध्ये शाळा निघाली.

एकदा डॉक्टरांना शिकार करून परतणारे आदिवासी भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगून होते. डॉक्टरांनी शिकाऱ्यांना दोष दिला नाही. ती शिकार पोटासाठी होती, हे ते जाणून होते. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. पुढे पोरकी झालेली अस्वले, बिबटे, हरणेही तेथे आली. म्हणून दवाखाना काही बंद पडला नाही! २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

करुणा म्हणजे रेशनची साखर नव्हे, की एकाला दिली म्हणून दुसऱ्याला कमी पडावी. घराला आग लागली तर आधी मूलच बाहेर काढायचे, यात वाद नाही. पण रोज काही घराला आग लागत नसते.

शिवाय दया आंधळीही नसावी. गल्लीतल्या कुत्र्याला नुसती पोळी घालून भागत नाही. त्याला रेबीजची लस टोचली, नसबंदी करून घेतली, तर कुत्राही सुखी आणि आपली मुलेही सुरक्षित. येथे दोघांचे हित एकच असते.

प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे तर राज्यघटनेने सांगितलेले नागरिकाचे कर्तव्य आहे. आणि आपल्या नाथांच्या कथा आठवा. तहानेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ आणि तापल्या वाळवंटातले अस्पृश्य मानलेले पोर कडेवर घेणारे एकनाथ वेगळे नव्हते.

तेव्हा उन्हाळ्यात दारात पाण्याचे एक भांडे ठेवा. ते भरायचे काम मात्र मुलांकडे सोपवा. तहान ओळखायला शिकलेले मूल उद्या माणसाचीही तहान ओळखेल.