खाऊन तर बघ!

आपल्या गावात थाई हॉटेल निघाल्याची बातमी कँटीनमध्ये कळली आणि माझ्या मित्राने तिथल्या तिथे जाहीर केले, "शनिवारी आपण जायचं." हा मित्र बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा. नवे काही दिसले की त्याला चैन पडत नाही. मी बेळगावचा, मराठी माध्यमातून शिकलेला आणि खाण्याच्या बाबतीत मिसळीच्या पलीकडे न जाणारा. पण मित्रापुढे माघार कशी घ्यायची?

आत मंद दिवे, मऊ खुर्च्या आणि हातात आलेले मेनूकार्ड सगळे इंग्रजीत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी आधी उजवीकडचा किमतींचा रकाना वाचला. तेवढाच नीट कळला. डावीकडचे एकही नाव ओळखीचे नव्हते. "काहीही मागव, पण विचारत बसू नकोस," मी मित्राच्या कानात पुटपुटलो. कारण एकच. आपल्याला कळत नाही, हे शेजारच्या टेबलाला कळू नये! इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी जे फुकट करत आलो, तेच इथे पैसे मोजून करायला निघालो होतो.

मित्राने मात्र वेटरला हाक मारली आणि सरळ कन्नडात विचारायला सुरुवात केली. हे काय असते? यात काय घालतात? माशाचा सॉस आहे का? तो पक्का शाकाहारी. आणि थाई स्वयंपाकात माशाचा सॉस जवळजवळ सगळीकडे असतो, हे तो माहिती काढून आला होता. वेटरने आत जाऊन चौकशी केली आणि त्याऐवजी सोया सॉस घालतो म्हणून सांगितले. कुणीही हसले नाही.

सूप आले. वास घेतला तर गवती चहाचा! सर्दी झाली की आजी काढ्यात घालते तीच पात. मग 'पॅड थाई' नावाच्या तांदळाच्या शेवया आल्या. मी चमचा हातात धरून बसलो. "तिंदु नोडो," मित्र म्हणाला. खाऊन तर बघ! खाल्ले, आणि जिभेवर चिंच, गोडवा आणि दाण्याचे कूट. आईची अळूची भाजीच आठवली.

घरी येऊन थोडे वाचन केले. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगिजांनी 1510 साली गोवा घेतला आणि 1511 साली त्यांचा दूत सयामच्या दरबारी पोहोचला. आशियात मिरची आली ती याच पोर्तुगिजांच्या व्यापारातून. शेवया परतण्याची रीत थाई लोकांनी चिनी लोकांकडून घेतली. सयामचे थायलंड झाले 1939 साली, आणि त्याच सुमाराच्या सरकारने शेवया खाण्याचा प्रचार केला. त्यातून 'पॅड थाई' हे राष्ट्रीय खाद्य ठरले. इतकी उसनवारी करूनही त्यांचे जेवण त्यांचेच राहिले. एवढेच नव्हे, तर परदेशांत थाई उपाहारगृहे वाढावीत म्हणून 2002 साली तिथल्या सरकारने योजना आखली. घेणारा भिकारी होतो, हा हिशेब इथे तरी चुकला.

मला वाटते, साहस म्हणजे आपले सोडणे नव्हे. माझा मित्र नवे खायला सर्वांत पुढे होता आणि स्वतःचे शाकाहाराचे बंधनही त्यानेच पाळले. बंधन नसलेला मी मात्र घाबरून बसलो होतो. ज्याला आपले काय ते पक्के ठाऊक असते, तोच निर्धास्तपणे विचारू शकतो.

आपल्या या सीमाभागात दुसऱ्याची भाषा जवळ केली की आपली गेली, अशी धास्ती दोन्ही बाजूंना असते. भाषेच्या हक्काचा प्रश्न आहेच, तो मी हलका लेखत नाही. पण हक्क मागणे वेगळे आणि शेजाऱ्याकडे पाठ फिरवणे वेगळे. हजार कोसांवरचे जेवण चाखायला आपण खिसा रिकामा करतो. मग याच अंकाची अर्धी पाने न उलटता का ठेवतो?

हा प्रश्न आधी मी स्वतःला विचारला. कन्नड मी शाळेत शिकलो आहे, मला वाचता येते. तरी गेली दोन वर्षे वार्षिकांक हाती आला की मराठी विभाग वाचायचा आणि अंक मिटायचा, हाच माझा शिरस्ता. मित्राचेही तसेच, तो मराठी फर्डे बोलतो, पण आमची पाने उघडत नाही. यंदा आम्ही ठरवले आहे की त्याने मला कन्नड विभागातला एक लेख वाचून दाखवायचा आणि मी त्याला मराठीतला. अडेल तिथे विचारायचे, लाजायचे नाही.

वाचकहो, मराठी विभाग इथे संपत असेल, अंक संपत नाही. पुढची पाने उलटा. एखादा शब्द अडला तर शेजारच्या बाकावरच्याला विचारा. तिंदु नोडो!